मित्रासाठी हवंय

पोस्टमास्तरांना नोकरीत असताना कोणाचा हेवा वाटला नाही. लोकांच्या बढत्या, वारसे, परीक्षांतले पहिले नंबर, सगळं त्यांच्या खिडकीतून पाकिटात बंद होऊन जायचं, आणि बंद पाकिटाचा हेवा करता येत नाही. निवृत्त झाल्यावर मात्र पाकिटं उघडी पडू लागली, आणि त्यातलं सगळ्यात उघडं पाकीट म्हणजे त्यांचा साडू.

साडू हे नातंच असं आहे की त्यात तुलना फुकट मिळते. दोन बहिणी, दोन नवरे. तराजू तयारच असतो, लोकांनी फक्त वजनं टाकायची. शिवाय हा साडू दंतवैद्य. पोस्टमास्तरांच्या बहुतेक दाढा त्यानेच काढल्या होत्या. ज्याच्यासमोर आपण वर्षानुवर्षं आ वासून पडलो, त्याच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलणं कठीण जातं. साडू वयाने लहान, म्हणून पोस्टमास्तर मनातल्या मनात त्याला एकेरीत घेत. तेवढाच दिलासा. आपणही त्यांचा मान राखून तसंच करू.

एवढ्यावर भागलं असतं. पण मध्ये शनिवार आला.

पोस्टमास्तरांच्या मुलीला शनिवारी काम असे, म्हणून त्या दिवशी तिची मुलगी ठकी आजोबांकडे असायची. ठकी आठ वर्षांची. शनिवारवर पोस्टमास्तर आठवडाभर जगत. नकाशा कसा वाचायचा, सुटणार नाही अशी गाठ कशी मारायची, पाकिटावरचं तिकीट न फाटता पाण्यात कसं सोडवायचं, हे सगळं त्यांनी तिला शिकवलं होतं. शिकवण्याची त्यांना भारी हौस, आणि ठकीला शिकण्याची. निदान त्यांचा तसा समज होता.

एका शनिवारी ठकीने चपला काढल्याच नाहीत. दारातच उभी राहून म्हणाली, "आजोबा, आज मला दातआजोबांकडे सोडाल? आम्ही गाणं बनवतोय."

"गाणं म्हणतात, ठके. बनवतात ती खुर्ची."

"नाही हो. बनवतात. आधी ठेका टाकायचा, मग त्याच्यावर बाकीचं रचायचं. ते कॉम्प्युटरमध्ये असतं." तिने आजोबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मोठ्या माणसासारखा सुस्कारा सोडला. "जाऊ दे."

"तुम्हाला कळणार नाही" असं ती म्हणाली असती तर पोस्टमास्तरांनी ते सोसलं असतं. मूल आहे, बोलतं. पण "जाऊ दे" हे शब्द माणूस म्हाताऱ्या गाईला म्हणतो, अंगणात शिरली तर.

चौकशीअंती कळलं ते असं. दात कोरायच्या यंत्राची घरघर रोग्यांना सहन होत नाही, म्हणून दवाखान्यात लावायला साडूने घरच्या घरी एक चाल तयार केली होती. रोगी म्हणे आता खुर्चीत पाय हलवतात. एकाने तर दाढ काढून झाल्यावरही "थोडं थांबू का?" असं विचारलं. ही बातमी पोस्टमास्तरांना बायकोने दिली, आणि देताना ती कपड्यांच्या घड्या घालत होती, आणि घड्या घालताना गुणगुणत होती.

"काय गुणगुणतेस?"

"कुठे काय?"

"तीच चाल ना?"

"सुरेख आहे हो," बायको म्हणाली. "तुम्हीही ऐका एकदा. जबडा दाखवायला तरी जा."

पोस्टमास्तरांनी जबडा मिटून घेतला आणि निर्णय केला. पुढल्या महिन्याभरात ठकीचा शनिवार परत घरी आणायचा, आणि त्यासाठी साडूकडे जे आहे त्याच्यापेक्षा मोठं काहीतरी आपल्याकडे पाहिजे.

वाद्यांच्या दुकानात ते नीट इस्त्रीचा सदरा घालून गेले. दुकानदार तरुण होता, आणि त्याचे केस अशा तऱ्हेचे होते की त्याला काही विचारताना नक्की कुठे बघावं ते समजत नव्हतं. पोस्टमास्तर म्हणाले, "घरी बसून कॉम्प्युटरवर संगीत करायचं असेल, तर काय काय लागतं?"

"अगदी नवशिक्या माणसासाठी का?" दुकानदाराने विचारलं.

त्याचा हेतू वाईट नव्हता. पण दुकानात इतरही गिऱ्हाइकं होती, आणि सगळीच्या सगळी पोस्टमास्तरांच्या मुलीपेक्षाही लहान. संबंध टपाल कार्यालय ज्याच्या एका खाकरण्याने गप्प व्हायचं, त्या माणसाला चारचौघांत नवशिक्या म्हणवून घेणं कसं जमणार?

"माझ्यासाठी नाही," पोस्टमास्तर म्हणाले. "एका मित्रासाठी हवंय."

अशा रीतीने, कोणताही विचार नसताना, तो मित्र जन्माला आला.

"वय काय त्यांचं?"

"माझ्याएवढाच आहे. पण हुशार आहे," पोस्टमास्तरांनी जोडून दिलं.

हुशार मित्रासाठी दुकानदाराने हात आखडता घेतला नाही. पूर्ण लांबीचा कीबोर्ड, एवढा लांब की दुकानातून बाहेर काढताना दोन गिऱ्हाइकांना खाली वाकावं लागलं. दोन जाडजूड स्पीकर. एक माइक. माइक कॉम्प्युटरला जोडण्यासाठी एक पेटी, आणि ती पेटी जोडण्यासाठी वायरींचं एक भेंडोळं. "मित्र खूश होतील," दुकानदार म्हणाला. मित्राचं सांगता येत नाही, पण पोस्टमास्तर टेम्पोत पुढे बसून घरी येईपर्यंत फार खूश होते.

घरात कीबोर्ड कुठेच बसेना. भिंतीला लावला तर कपाट उघडत नव्हतं. टेबलावर ठेवला तर जेवायला कोपर टेकवायला जागा नव्हती. शेवटी तो इस्त्रीच्या फळीवर आडवा ठेवला, तेव्हा त्याचं एक टोक बाल्कनीच्या दारातून बाहेर आलं, आणि तेवढ्या टोकावर कबुतर येऊन बसलं. बायकोने सगळं शांतपणे पाहिलं आणि इतकंच विचारलं, "आता इस्त्री कशावर करू? माइकवर?"

पोस्टमास्तरांनी वायर लावली, दिवा लागला. त्यांनी बोटं मोडली, खाकरले आणि एक पट्टी दाबली.

आवाज आला नाही.

दुसरी दाबली. तिसरी. मग तळहाताने एकदम सगळ्या. कबुतरसुद्धा हललं नाही.

ते तडक दुकानात गेले. तिथे तक्रारीच्या खिडकीवर एक बाई होती. तिने बिल पाहिलं, मशीनमध्ये पाहिलं आणि म्हणाली, "वस्तू तुमची नाही. मित्राची आहे, अशी नोंद आहे."

"हो, पण आणली मी आहे."

"वापरणाऱ्याने स्वतः यावं लागेल. काय बिघडलंय ते त्यांनाच सांगता येईल ना?"

"तो येऊ शकत नाही."

"आजारी आहेत का?"

"नाही," पोस्टमास्तर म्हणाले, आणि एका क्षणात त्यांच्या लक्षात आलं की तो आजारी आहे असं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. "तो कुठे जात-येत नाही."

बाईच्या डोळ्यांत दया आली. "मग ते बरे झाल्यावर या," ती म्हणाली. जन्मभर ज्याने अपुऱ्या पत्त्याची पत्रं शिक्का मारून परत पाठवली, त्याच्यावर आता पत्ताच नसलेला माणूस पाळायची वेळ आली होती.

उरला एकच उपाय. आणि तो उपाय साडूकडे होता. साडूला विचारण्यापेक्षा उरलेल्या दाढा काढून घेतलेल्या परवडल्या, असं पोस्टमास्तरांचं मत. पण दोघी बहिणी रोज दुपारी फोनवर बोलत. तेव्हा त्यांनी बायकोला हळूच सांगितलं, "सहज विचार तिला. माझ्या एका मित्राने कीबोर्ड घेतलाय, तो वाजत नाही. काय करावं?"

"ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं," बायको म्हणाली. पण तिने फोन लावला. पोस्टमास्तर वर्तमानपत्र उलटं धरून ऐकत बसले.

निरोप तिकडून धाकट्या बहिणीमार्फत आला, आणि आला तो इतका सविस्तर की बायकोला लिहून घ्यावं लागलं. तुमच्या मित्राला सांगा, काळजी करू नका, कीबोर्ड ठीक आहे. त्यात आवाज नसतोच. तो नुसता नळ आहे, पाणी कॉम्प्युटरमध्ये आहे. कॉम्प्युटरमध्ये एक प्रोग्राम घाला, फुकट मिळतो. मग नळ फिरवला की पाणी येईल. आणि मित्राने अजून काही घेतलं नसेल तर फार बरं. नवशिक्याला हातभर लांबीचा कीबोर्ड आणि बरेसे हेडफोन, एवढंच पुरतं. मोठे स्पीकर, माइक, पेट्या, यातलं सुरुवातीला काही लागत नाही. ते घेणारा माणूस उगाच फसतो.

पोस्टमास्तरांनी खोलीभर नजर फिरवली. फसलेला माणूस दोन स्पीकरच्या मध्ये बसला होता.

पण मुलीच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये प्रोग्राम घातल्यावर नळातून पाणी आलं. इतकं आलं की तिसऱ्या दिवशी सोसायटीचे चिटणीस दारात उभे. चिटणीस नियमाने चालणारे गृहस्थ. "मास्तर, इमारतीत वाद्य वाजवायला समितीची परवानगी लागते. घरगुती उपकरणाला लागत नाही. तुमचं हे नक्की काय आहे?"

"उपकरण," पोस्टमास्तर म्हणाले. त्यांनी गुपचूप वायर काढली आणि चिटणिसांसमोर दोन्ही हातांनी पट्ट्या बडवल्या. नुसता टकटक आवाज. चिटणिसांनी कान लावून पाहिला.

"मग रात्रंदिवस ढमढम कशाची येते?"

"ती कॉम्प्युटरची."

"कॉम्प्युटरविषयी नियम नाही," चिटणीस खिन्नपणे म्हणाले. "पण हे सामान आहे कोणाचं? घरात धंदा सुरू केलात तर वेगळा नियम आहे."

"मित्राचं. त्याचं घर लहान आहे, म्हणून इथे ठेवलंय."

हे ऐकायला खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात होत्याच. त्यांनी मित्रासाठी सल्ला दिला की भिंतीला अंड्यांचे पुठ्ठे चिकटवले की आवाज बाहेर जात नाही. पुठ्ठे रिकामे करायचे म्हणजे अंडी खाल्ली पाहिजेत. तेव्हा पोस्टमास्तरांकडे आठवडाभर सकाळ-संध्याकाळ आम्लेट झालं. शेवटी बायको म्हणाली, "तुमच्या मित्राला सांगा, आवाज गेला तरी चालेल, अंडी आवरा." मग त्यांनी हेडफोन आणले. साडूने पहिल्याच दिवशी सांगितलेले.

हळूहळू रोजचं फोनवर विचारणं सुरू झालं. मित्राचा ठेका पुढे धावतो. मित्राने पट्टी दाबली की आवाज उशिरा येतो. मित्राचं कालचं काम पुसलं गेलं. साडू एकदाही कंटाळला नाही. प्रत्येक वेळी नीट, पायरी पायरीने, मित्राला लागेल अशा शब्दांत सांगायचा. पलीकडून मित्राविषयी चौकशीही व्हायची, आणि बायको ऐनवेळी सुचेल ते सांगायची. उंच आहेत. एकटेच असतात बिचारे. फार नम्र.

"नम्र कशाला सांगितलंस?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"रोज विचारतात ना. चुकलं तर चुकलं म्हणतात. अभिमान म्हणून नाही माणसाला."

"अगं, तो मी आहे."

"तुम्ही कुठे विचारता?" बायको म्हणाली, आणि खिडकीबाहेर पाहत राहिली. त्या पाहण्यात काहीतरी होतं. पोस्टमास्तरांना ते आवडलं नाही.

वाजवणं त्यांना जमलं नाही. बोटं पार्सलं बांधलेली, जाड. पण त्या प्रोग्राममध्ये एक जागा होती, तिथे पट्ट्या न वाजवताही सूर मांडता यायचे: पडद्यावर बारीक चौकटी, वरच्या ओळीत वरचा सूर, खालच्या ओळीत खालचा, आणि ज्या चौकटीत ठिपका ठेवाल तो सूर आपली वेळ आली की वाजणार. पोस्टमास्तर ते पाहून खुर्चीत सरसावून बसले. हे तर टपालाच्या वर्गवारीचं कपाट होतं. अशा कप्प्यांपुढे उभं राहून त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली होती. ते एकेक सूर उचलून आपल्या कप्प्यात टाकत गेले. चुकीच्या कप्प्यात पडला तर ऐकून लगेच कळायचं, मग काढून शेजारच्यात. ठिपक्याला ठिपका लागत एक चाल तयार झाली. साधीच, पण तिच्यात एका ठिकाणी सूर खाली उतरता उतरता थबकायचा आणि मग पुढे जायचा. तिथे बायकोने हेडफोन कानावर दाबून धरला आणि पोळपाट-लाटणं, फोन, सगळं विसरून बसून राहिली.

"पाठवू का धाकटीला?" तिने विचारलं.

"पाठव," पोस्टमास्तर म्हणाले. बेफिकिरीने म्हणायचं होतं, ते जमलं नाही. फाइलला नाव द्यायचं होतं. सवयीने त्यांनी दिलं: मित्राची चाल.

दोन दिवस तिकडून काहीच आलं नाही. मग धाकटीचा फोन. "ताई, ह्यांना काय झालंय कळत नाही. ती चाल ऐकल्यापासून स्वतःचं काही धड करत नाहीत. जेवताना मध्येच थांबतात. दवाखान्यातली आपली चाल बंद केली, आता हीच लावतात. रोगी विचारतात, कोणाची म्हणून."

पोस्टमास्तरांनी हे बायकोकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. साडू जेवताना थांबतो. अहाहा. एवढं गोड औषध कोणत्याही वैद्याने आजवर दिलं नव्हतं. त्या दिवशी ते लवकर झोपले आणि मध्ये उठले नाहीत.

शनिवारी दार वाजलं. बाहेर साडू, आणि त्याचं बोट धरून ठकी. साडूने आत येऊन इस्त्रीच्या फळीवरचा कीबोर्ड पाहिला, स्पीकर पाहिले, भिंतीवरचे पुठ्ठे पाहिले, पण त्याचं लक्ष दुसरीकडे होतं.

"मास्तर, एक काम आहे," तो म्हणाला. "तुमच्या मित्राशी माझी गाठ घालून द्या."

"मलासुद्धा," ठकी म्हणाली. "आम्हाला त्यांना विचारायचंय, तो सूर असा मध्ये थांबवायचा कसा."

"मला नाही जमलं," साडू म्हणाला. "रोज बसतोय. मीच ज्यांना वायर कुठे लावायची ते सांगितलं, ते असं करतात. खरं सांगू का मास्तर, तुम्ही घरचे म्हणून सांगतो, हेवा वाटतो हो त्या माणसाचा."

हा क्षण. याच्यासाठी आम्लेटं खाल्ली होती. पोस्टमास्तरांनी हात पुढे केला आणि लक्षात आलं की समोर आलेलं पार्सल दुसऱ्याच्या नावाचं आहे. ते घ्यायचं तर आधी कबूल करावं लागणार: मी नवशिक्या, मी रोज तुला विचारत होतो, मी उलट्या वर्तमानपत्रामागे बसून होतो. त्यांनी ठकीकडे पाहिलं. आणि एकदाचं म्हणून टाकलं.

"तो मित्र म्हणजे मीच."

साडू हसला. चिडवण्यासाठी नाही, चांगल्या मनाने हसला, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. "असू दे मास्तर. मित्राचं कौतुक झालं की आपलंच झालंसं वाटतं."

"अहो, खरंच. हेच आहेत," बायको म्हणाली.

"ताई, तुम्हीच नाही का सांगितलंत? उंच आहेत म्हणून. नम्र आहेत म्हणून." साडूने पोस्टमास्तरांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, त्याला फार वेळ लागला नाही.

"हे सामान बघा ना मग," पोस्टमास्तर म्हणाले.

"ते त्यांचंच की. घर लहान आहे म्हणून तुमच्याकडे ठेवलंय. जिन्यात काकूंनी सांगितलं."

पोस्टमास्तरांनी कॉम्प्युटर सुरू केला, फाइल दाखवली. साडूने चष्मा वर करून मोठ्याने वाचलं: "मित्राची चाल."

"आजोबा, मग वाजवून दाखवा," ठकी म्हणाली. न्यायाची गोष्ट होती.

पोस्टमास्तर कीबोर्डपुढे बसले. ठिपके मांडणं वेगळं आणि पट्ट्या वाजवणं वेगळं, हे समजावून सांगायला तोंड उघडलं, पण समोर साडू उभा होता, आणि साडूसमोर तोंड उघडलं की त्यातून शब्द बाहेर येत नाहीत, ही जुनी सवय. त्यांनी पट्टी दाबली. मग शेजारच्या दोन एकदम दाबल्या गेल्या. मग त्यांच्या बाहीने तिसरीच. दारातून बाहेर गेलेल्या टोकावरचं कबुतर पहिल्यांदाच उडून गेलं.

साडूने तोंड फिरवलं आणि भिंतीवरचे पुठ्ठे मोजल्यासारखं केलं. "चल ठके," तो हळूच म्हणाला, "आपण निघू. मास्तर, त्यांना माझा नमस्कार सांगा."

ठकी निघाली नाही. ती आजोबांच्या बोटांकडे बघत होती.

"दातआजोबा, तुम्ही जा," ती म्हणाली. "तुम्हाला सगळं येतं. ह्यांना काही म्हणजे काहीच येत नाही." आणि चपला काढून ती पोस्टमास्तरांच्या शेजारी आली. "सरका. हे बोट असं नाही, वाकवायचं. मी धरते."

असा शनिवार घरी परत आला. पुढचाही आला, त्याच्या पुढचाही. दर शनिवारी ठकी येते, आजोबांना शिकवते, कपाळावर हात मारून घेते आणि पुन्हा शिकवते. बोटं आता थोडी वळू लागली आहेत, पण पोस्टमास्तर ते तिला कळू देत नाहीत. अधूनमधून मुद्दाम बाही पाडतात पट्ट्यांवर. मूल शिकण्यापेक्षा शिकवायला जास्त आनंदाने बसतं, हे इतकी वर्षं शिकवूनही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

दुखतं ते एकच. जाताना ठकी आपण केलेली नवी चाल कॉम्प्युटरवर ठेवून जाते आणि बजावते, "मित्राला ऐकवा. काय म्हणतात ते मला सांगा."

"अगं, पण मला आवडली ना. फार आवडली."

"तुम्ही आजोबा आहात. तुम्ही आवडलीच म्हणणार."

पहिल्या वेळी पोस्टमास्तरांनी मोठ्या मनाने निरोप दिला, की मित्र म्हणाला, छान आहे. ठकी अशी फुलली की त्यांना खोलीत आपण एकटेच उभे आहोत असं वाटलं. दुसऱ्या वेळीही तेच. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "कौतुक करायला मन मोठं लागतं. आहे त्यांच्याकडे."

तिसऱ्या शनिवारी त्यांनी ठरवलं, आता ह्या गृहस्थाला पोरीच्या नजरेतून उतरवायचं. ठकीने चपला काढतानाच विचारलं, "काय म्हणाले?"

"नाही आवडली त्याला," पोस्टमास्तर म्हणाले. "म्हणाला, मधला भाग घाईघाईत उरकलाय. शेवट तर जमलाच नाही."

ठकीचा चेहरा पडला. पोस्टमास्तरांना वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. मग तिने कॉम्प्युटर सुरू केला, ती चाल लावली, डोळे बारीक करून शेवटपर्यंत ऐकली आणि बराच वेळ मान हलवत राहिली.

"बरोबर आहे त्यांचं," ती म्हणाली. "दातआजोबा छान म्हणाले, तुम्ही छान म्हणालात, आई छान म्हणाली. खरं फक्त तेच बोलले." आणि खुर्ची पुढे ओढत म्हणाली, "सरका आजोबा. आज तुमचं शिकवणं नाही. मला हे त्यांच्यासाठी पुन्हा करायचंय."

पोस्टमास्तर मुकाट्याने सरकले.